किल्ली हातात होती

ठाकुर्लीच्या त्या सोसायटीत पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला मनाई होती. तशी पाटीच लावली होती खांबावर. पण रविवारी दुपारी जेवणं झाली की अख्खी बिल्डिंग आडवी व्हायची, वॉचमनही खुर्चीत पेंगायचा. मग सुश्रुत एक फाटकी सतरंजी आणि पान्यांची पेटी घेऊन खाली उतरायचा. गाडी जॅकवर उचलायची, खाली लोखंडी स्टँड लावायचे आणि सतरंजीवर उताणं होऊन गाडीखाली सरकायचं. तिथे गेलं की त्याला बरं वाटे.

ऐरोलीच्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या. गाडी मात्र त्याची स्वतःची होती. सेकंडहँड, टर्बो डिझेल, तेराशे सीसीची. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर गरगर फिरणारा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा छोटासा पंखा. ही हवा जेवढी जास्त आणि जेवढी थंड, तेवढी गाडी जोरात पळते. हे सुश्रुतने व्हिडिओ बघून, फोरमवर वाचून आणि हात काळे करून शिकून घेतलं होतं. गॅरेज नसताना घरच्या घरी गाडीची ताकद किती वाढवता येते, हे बघायची त्याला हौस होती. आधी एअर फिल्टर झाला, मग जाड सिलिकॉनचे पाइप झाले. त्यानंतर त्याने हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर मागवला आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये लॅपटॉपवरून नवीन प्रोग्रॅम टाकायचं ठरवलं.

त्याच्या बायकोला, देवयानीला, हे आवडत नव्हतं.

"अरे, गॅरेजवाल्याकडे दे ना. नाहीतर विकून टाक. बाबा येतात-जातात त्या गाडीने."

"मी काय इंजिन खोलतोय का? फिल्टर बदलतोय फक्त," तो म्हणाला.

बाबा म्हणजे तिचे वडील, त्र्यंबकराव. पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. धरणांच्या कामावर, कालव्यांच्या कडेकडेने त्यांनी उभी नोकरी जीप हाकली. ड्रायव्हर दिमतीला असला तरी त्याला शेजारी बसवून स्वतः चालवायचे. आता ते आणि सुमतीबाई बाळकुमला राहत. स्वतःची गाडी त्यांनी केव्हाच काढून टाकली होती. पण लेकीकडे आले की सुश्रुतच्या गाडीची किल्ली हक्काने मागायचे. आणि खरं सांगायचं तर सुश्रुतला त्याचा अभिमान वाटायचा. सासरे स्टिअरिंगवर बसले की आत बसलेल्यांना धक्काही जाणवत नसे, इतकी ती अलगद चालायची.

इंटरकूलर बसवायच्या दिवशी सुश्रुतने टर्बोकडून येणारा पाइप सोडवला, तर आतून तेल ओघळलं. थोडा ओशटपणा असतोच, हे त्याला माहीत होतं. पण हे ओशट नव्हतं, हे तेल होतं. ते त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. त्याने टर्बोच्या तोंडात बोट घालून पंख्याचा दांडा हलवून पाहिला. दांडा जागेवर फिरायला हवा. हा वरखाली हलत होता.

गाडीखाली पडल्या पडल्या त्याला सगळं कळलं. टर्बोचं बेअरिंग गेलं होतं. नवा भाग मागवायचा, तो येईपर्यंत गाडी अशीच उघडी ठेवायची, सेक्रेटरीने पाहिलं की नोटीस येणार. आणि त्या शनिवारी सुमतीबाईंच्या बहिणीकडे, कल्याणला खडकपाड्याला, नातवाची मुंज होती. बाबा-आई आदल्या दिवशी मुक्कामालाच येणार होते. गाडी लागणार होती.

त्याने पाइप फडक्याने पुसला, नवा इंटरकूलर लावला आणि पाइप परत बसवला. टर्बो पुढच्या महिन्यात बघू. मग वर येऊन हात धुतले आणि लॅपटॉप घेऊन पुन्हा खाली गेला. तेवढ्यावर थांबला असता तरी कदाचित निभावलं असतं. पण इंटरकूलर बसला होता, प्रोग्रॅम तयार होता, आणि गाडी कशी पळते ते बघायची त्याला घाई झाली होती. त्याने तो टाकला. नव्वद फुटी रोडवर एक चक्कर मारली. गाडी अशी सुटली की तो एकटाच मोठ्याने हसला.

शनिवारी सकाळी त्र्यंबकराव धोतर नेसून, सदरा घालून तयार झाले. देवयानीला ऑफिसचं काम होतं, सुश्रुत दुपारी ट्रेनने येणार होता.

"सुश्रुत, किल्ली दे रे," त्यांनी हात पुढे केला.

त्याने दिली. देताना तो म्हणाला, "बाबा, जरा हळू चालवा हं. पिकअप वाढलाय थोडा."

"मी कधी जोरात चालवली?" ते हसले.

पत्रीपुलाच्या चढावर हे झालं. समोर टेम्पो रेंगाळत होता, म्हणून त्र्यंबकरावांनी गिअर उतरवून थोडा जास्त ॲक्सिलरेटर दिला. गाडी पुढे झेपावली. त्यांनी पाय काढून घेतला, तरी इंजिनाचा आवाज चढतच गेला. त्यांनी क्लच दाबला. इंजिन किंचाळायला लागलं. मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठला आणि क्षणात मागचं काही दिसेना. हॉर्न वाजू लागले. त्यांनी गाडी डाव्या कठड्याला घासत उभी केली, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली आणि काढली. इंजिन बंद झालं नाही. किल्ली हातात आणि इंजिन आणखी जोरात. कुणीतरी ओरडलं, "आग लागली, आग लागली!" त्यांनी सुमतीबाईंना ढकलतच बाहेर काढलं. शालूत पाय अडकून त्या डांबरावर पडल्या, उजव्या हातावर. त्यांच्या मनगटाचं हाड मोडलं. तेवढ्यात आतून काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला आणि गाडी गप्प झाली.

पुलावरच्या कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. धूर, किंचाळणारी गाडी, आणि धोतरातले एक वृद्ध गृहस्थ गोंधळून उभे. त्याखाली लिहिलं होतं, 'आजोबांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला.' संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ फिरत फिरत देवयानीच्या चुलतभावाकडे, विनीतकडे गेला आणि त्याने काळजीपोटी फॅमिली ग्रुपवर टाकला.

सुश्रुत हॉस्पिटलमध्ये पोचला तेव्हा सुमतीबाईंच्या हाताला प्लास्टर घालत होते. त्र्यंबकराव बाकावर बसले होते, सदऱ्यावर काळे डाग.

"मी किल्ली काढली होती," ते देवयानीला सांगत होते. "हातात होती माझ्या. आणि इंजिन चालू होतं."

"बाबा, असं कसं होईल? तुम्ही घाबरला होतात. होतं असं."

"अगं, मी सांगतो ना. हातात होती."

देवयानीने सुश्रुतकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. बाबांचं वय झालं हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळल्यासारखं. सुश्रुतला तेव्हाच बोलायचं होतं. टर्बो फुटला की इंजिन स्वतःचंच तेल पिऊन पळत सुटतं, मग त्याला डिझेल लागत नाही, किल्ली लागत नाही, हे त्याने डझनभर व्हिडिओंत पाहिलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण आतून नर्स बाहेर आली, सह्या लागल्या, औषधं आणायची होती. औषधं आणायला तो जवळजवळ धावतच गेला. परत आला तोवर त्र्यंबकराव गप्प झाले होते.

आज सांगू, उद्या सांगू. आईंचा हात बरा होऊ दे. देवयानीचं डोकं शांत होऊ दे. गाडी कल्याणला रवींद्र नावाच्या ओळखीच्या मेकॅनिककडे ओढून नेली होती. त्याने फोन केला, "सर, इंजिन जाम आहे. टर्बो पण गेलाय. घरी विचारून पुढचं सांगा." सुश्रुत म्हणाला, "राहू दे तसंच. मी येऊन बघतो." आणि गेला नाही.

आई-बाबांना देवयानीने ठाकुर्लीलाच ठेवून घेतलं. सुमतीबाईंची वेणी ती घालायची, भाजी सुश्रुत चिरायचा. कधी नव्हे ती तो घरातली कामं करायला लागला. ऑफिसमधून लवकर यायचा, सासूबाईंना गरम पाण्याची पिशवी द्यायचा, सासऱ्यांसाठी कल्याणहून अंजिरं आणायचा. "जावई नाही, मुलगा आहे," सुमतीबाई शेजारणीला म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात उभा असलेला सुश्रुत नळ सोडून हात धूत राहिला, धुतलेलेच हात.

सकाळी चहाच्या वेळी देवयानी सहज विचारल्यासारखं विचारायची, "बाबा, आज वार कोणता हो?" त्र्यंबकराव सांगायचे. पहिले काही दिवस जरा चिडून. नंतर नुसतेच. एकदा त्यांनी पाकिटातून लायसन्स काढलं आणि टेबलावर ठेवलं. "ठेव तुझ्याकडे," ते लेकीला म्हणाले. तिने ते कपाटात ठेवलं. सुश्रुत समोरच बसला होता. त्याच्या हातातला टोस्ट चहात विरघळून गेला.

त्याच्या लक्षात येऊ लागलं की सासरे बदलतायत. दार लावलं की परत जाऊन कडी तपासायचे. गॅसचं बटण बघायचे. जिना उतरताना कठडा धरायचे, पूर्वी धरत नसत. एकदा टीव्हीचा रिमोट हातात घेऊन ते तसेच बसून राहिले होते. सुश्रुतने विचारलं, "काय झालं बाबा?"

"काही नाही," ते म्हणाले. "तू सांग, माणसाला एखादी गोष्ट अगदी लख्ख आठवते आणि ती झालेलीच नसते, असं होतं का रे?"

सुश्रुत म्हणाला, "झोपा जरा. दमलायत तुम्ही."

हे वाक्य त्याला पुढे फार दिवस छळणार होतं.

देवयानीने ठाण्याला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. सुमतीबाईंना शेजारणीपाशी ठेवून तिघं गेले. डॉक्टर मध्यमवयाचे, शांत होते. त्यांनी त्र्यंबकरावांना शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, कागदावर घड्याळ काढायला लावलं. त्र्यंबकरावांनी इंजिनिअरच्या हाताने गोल काढला, आकडे नीट मांडले, काटे दाखवले. सगळं व्यवस्थित होतं. मग डॉक्टरांनी त्या दिवसाचं विचारलं.

"इंजिन बंद होत नव्हतं म्हणता. तेव्हा किल्ली कुठे होती, काका?"

इतके दिवस या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर होतं. त्र्यंबकरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला.

"लागलेलीच असणार," ते म्हणाले. "मला वाटत होतं मी काढली. पण किल्ली काढल्यावर इंजिन कसं चालू राहील? मीच गोंधळलो असेन. पायही चुकीच्या ठिकाणी गेला असेल. सगळे म्हणतात म्हणजे तसंच असेल."

डॉक्टर काहीतरी लिहू लागले.

"नाही," सुश्रुत म्हणाला. "बाबा, किल्ली तुमच्या हातातच होती."

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. आता थांबणं शक्य नव्हतं. टर्बोबद्दल त्याने सांगितलं, तेलाबद्दल सांगितलं. पाइप सोडवल्यावर काय दिसलं, पंख्याचा दांडा कसा हलत होता, तरी त्याने तो तसाच बसवून वर नवा प्रोग्रॅम कसा टाकला. डिझेल इंजिन किल्लीशिवाय पळू शकतं, तसंच पळालं. पाय चुकला नव्हता, काहीच चुकलं नव्हतं. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," तो म्हणाला.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "हे तुम्ही मला फोनवर सांगितलं असतंत तरी चाललं असतं," ते म्हणाले. रागावून नाही, नुसतेच. "काका, तुम्हाला माझी गरज नाही. जा तुम्ही घरी."

बाहेर व्हरांड्यात देवयानी भिंतीला टेकून उभी राहिली. ती ओरडेल असं सुश्रुतला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी रोज सकाळी त्यांना वार विचारत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या बाबांना. आणि तू समोर बसून चहा पीत होतास."

"देवयानी, मी..."

"नको. आत्ता नको बोलूस."

त्र्यंबकराव लिफ्टजवळ उभे होते. सुश्रुत त्यांच्यापाशी गेला. "बाबा, माझं चुकलं," तो म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून ते त्याला अरे-तुरे करत आले होते.

"तुम्ही सुमतीला सांगा," ते म्हणाले. "तुम्ही स्वतः. देवयानीने नाही सांगायचं."

घरी गेल्यावर त्याने सांगितलं. सुमतीबाई पलंगावर बसल्या होत्या, प्लास्टरचा हात उशीवर. त्याला वाटलं होतं हाताचं काही म्हणतील, मुंज बुडाली त्याचं म्हणतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम चुरगळला.

"मी शेजारीच होते हो," त्या म्हणाल्या. "मला दिसलं होतं. तुम्ही किल्ली काढलीत ते मला दिसलं होतं. पण सगळे म्हणायला लागले, तेव्हा मला वाटलं मलाच नीट दिसलं नसेल. मी बोलले नाही."

त्र्यंबकराव त्यांच्याजवळ जाऊन बसले. "असू दे," ते म्हणाले. "असू दे गं."

सुश्रुत दारात उभा होता. आपलं ओझं उतरेल अशी कुठेतरी आशा होती त्याला. ते उतरलं नव्हतं, नुसतं वाटलं गेलं होतं. आता या घरात प्रत्येकाकडे त्याचा एकेक तुकडा होता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांचा काही दोष नव्हता. त्याने त्याच दिवशी फॅमिली ग्रुपवर सगळं लिहिलं, सरळ, काही न लपवता. विनीतने लगेच काकांना फोन करून माफी मागितली. बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली.

आई-बाबा त्याच आठवड्यात बाळकुमला परत गेले. देवयानी त्यांच्याबरोबर गेली, आईच्या हातासाठी. ती कामापुरते मेसेज करायची. वीजबिल भरलंस का. कुंड्यांना पाणी घाल. सुश्रुत घालायचा. रविवारी दुपारी तो खाली उतरत नसे. सतरंजी आणि पेटी तशीच होती, पण गाडीच्या जागी आता शेजाऱ्याच्या मुलांच्या सायकली लागत होत्या.

प्लास्टर निघाल्यावर एक दिवस त्र्यंबकरावांचा फोन आला.

"गाडी कुठे आहे ती?"

"कल्याणला. रवींद्रकडे."

"मला बघायची आहे."

ते कल्याण स्टेशनला भेटले आणि चालत गेले. गॅरेजच्या मागच्या अंगणात गाडी उभी होती, बॉनेट उघडं, कठड्याला घासलेली बाजू गंजत चाललेली. रवींद्रने टर्बो काढून बाकावर ठेवला होता. मुठीएवढा लोखंडी गोगलगायीसारखा भाग. त्र्यंबकरावांनी तो उचलला, वजन पाहिलं, आतल्या मोडक्या पात्यांवरून अंगठा फिरवला.

"असं झालं तर थांबवायचं कसं?" त्यांनी विचारलं.

सुश्रुतला उत्तर माहीत होतं. इतके दिवस तो हाच प्रश्न टाळत होता. "ब्रेक गच्च दाबून धरायचा. वरचा गिअर टाकायचा, पाचवा. आणि क्लच एकदम सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडतं."

"म्हणजे क्लच दाबला, तिथेच चुकलं."

"चुकलं नाही, बाबा. कुणीही तेच केलं असतं. ज्याला माहीत नाही, तो क्लचच दाबणार."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"किल्ली देताना एवढं एक वाक्य सांगितलं असतंत," ते म्हणाले, "तर मी थांबवली असती. मला जमलं असतं."

"जमलं असतं," सुश्रुत म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. त्यांना नक्की जमलं असतं.

त्यांनी टर्बो परत बाकावर ठेवला, रवींद्रने पुढे केलेल्या फडक्याला हात पुसले आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात देवयानीकडून लायसन्स घेतो परत. शेजारचे प्रधान त्यांची गाडी देतो म्हणालेत. सुमतीला खडकपाड्याला न्यायचंय, बहिणीकडे."

"मी येऊ का बरोबर?" सुश्रुतने विचारलं आणि विचारल्याबरोबर त्याला ते चुकलं असं वाटलं.

"नको," त्र्यंबकराव म्हणाले. मग जरा थांबून, "देवयानी रविवारी येतेय ठाकुर्लीला. तिच्याशी बोला. ती तुमच्यासारखी नाही, ती विचारते. तुम्ही न विचारता सांगत चला."

बाहेर शेअर रिक्षा मिळाली. त्र्यंबकराव आधी आत सरकले. सुश्रुत चढणार, तेवढ्यात फुलबाजारातून आलेली एक बाई झेंडूची मोठी पिशवी घेऊन घाईने मध्ये शिरली आणि दोघांच्या मधोमध बसली. पिशवी तिने मांडीवर घेतली, तरी अर्धी त्र्यंबकरावांच्या अंगावर येत होती. "आजोबा, लागत नाही ना?" तिने विचारलं. "नाही नाही, बसा नीट," ते म्हणाले आणि पिशवीला एका हाताने आधार दिला. रिक्षा खड्ड्यांतून स्टेशनच्या दिशेने निघाली. सुश्रुत कडेला, अर्धा बाहेर, दांडी धरून बसला होता. फुलांच्या पलीकडे त्याला सासऱ्यांचा फक्त हात दिसत होता.